‘वोर्स्क्ला’च्या चार आवाजांची निरवानिरव

मी, आप्पाजी रामचंद्र हुक्केरीकर, जिल्हा न्यायालयातील निवृत्त भाषांतरकार, राहणार जयनगर, तिसरा ब्लॉक, बंगळूर, हे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण शाबूत आहे, आणि माझ्यावर दडपण आहे ते केवळ माझ्या घशातील गाठीचे. उद्या सकाळी मला इस्पितळात नेणार आहेत. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावे लागेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. मी जगलो तरी बोलणार नाही आणि गाणार नाही. म्हणून या दस्तऐवजातील एका देणगीला माझ्या मृत्यूपर्यंत थांबता येणार नाही. ती आजच द्यावी लागेल. ती कोणाला द्यावी, हे ही ओळ लिहीपर्यंत मला ठाऊक नाही.

वकिलांनी केलेला मसुदा मी परत पाठवला. त्यातील वाक्ये एका कर्त्याने सुरू होत आणि भलत्याच्याच क्रियापदाने संपत. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या दस्तऐवजांची भाषांतरे केली, त्याने आपला शेवटचा दस्तऐवज तरी स्वतः रचावा.

कलम पहिले. जयनगरचे राहते घर, मागच्या आऊटहाउससह, माझा एकुलता मुलगा चंद्रकांत यास द्यावे. बँकेतील शिल्लकही त्याचीच. तो विमानांच्या कारखान्यात अभियंता असल्यामुळे ती शिल्लक माझ्यापेक्षा बरी सांभाळील. माझी पत्नी कैलासवासी कस्तुराबाई हिची तांब्यापितळेची भांडी सून हेमलता हिला द्यावीत. हेमलता पुण्याची आहे आणि आमच्या बंगळुरी मराठीला हसते. मी ‘स्वल्प थांब’ म्हणालो की तिला हसू आवरत नाही. तरीही माझ्या घशाखाली उतरेल अशी पेज या घरात तिलाच करता येते, आणि ती पेज घेऊन ती दाराशी किती वेळ उभी राहते, हे मी पाहिलेले आहे.

कलम दुसरे. कोश व व्याकरणे जवळच्या शाळेच्या ग्रंथालयास द्यावीत. पेन्सिलीने खुणा करणाऱ्यास ती देऊ नयेत.

कलम तिसरे. आता आऊटहाउसमधील वस्तूंविषयी. त्या माझ्या नाहीत. त्या मिरोन ओस्तापोविच हालुश्को यांच्या आहेत. ते माझ्या आऊटहाउसमध्ये राहिले आणि सन १९६१ मध्ये तेथेच वारले. हे गृहस्थ कोण, हे सांगितल्याशिवाय पुढील कलमे निरर्थक होतील.

हालुश्को मास्तर पोल्टावा प्रांतातील एका खेड्यात, वोर्स्क्ला नावाच्या नदीच्या काठी जन्मले. वडील चर्चमध्ये गायकांचे प्रमुख. मास्तर कीव शहरात संगीत शिकले, मुलांना समूहगायन शिकवू लागले आणि त्यासाठी स्वतः रचना करू लागले. क्रांती झाली, मग लढाया झाल्या. गाणाऱ्या मुलांपैकी कोण कोठे गेले, हे त्यांना कधीच कळले नाही. हार्बिन, शांघाय, कलकत्ता असे पोट भरत भरत ते एका हॉटेलच्या वाद्यवृंदाबरोबर बंगळूरच्या छावणीत आले. तेथे ते साहेबांच्या मुलींना पियानो शिकवीत. साहेब गेले, मुली गेल्या, पियानोही गेले. मग माझ्या एका सहकाऱ्याने त्यांना माझ्याकडे आणले.

सगळे त्यांना ‘रशियन मास्तर’ म्हणत. दूधवाला म्हणाला, टपालवाला म्हणाला, की ते प्रत्येक वेळी थांबून म्हणत, “रशियन नाही. युक्रेनियन.” कंटाळून नव्हे, रागावूनही नव्हे, मी चुकीचा अनुस्वार पुसतो तसे. या माणसाविषयी मला प्रथम आदर वाटला तो या कारणाने.

कस्तुराबाई संध्याकाळी रगड्यावर इडलीचे पीठ वाटताना ओव्या म्हणत असे. एके दिवशी आऊटहाउसच्या पायरीवरून मास्तर तिच्याबरोबर गाऊ लागले, पण तिच्या सुरात नव्हे. तिने रगडा थांबवला.

“भाऊ, तुमचा सूर चुकतोय.”

“चुकत नाही, अक्का. मी शेजारी उभा आहे.”

“शेजारी कशाला? माझ्या सुरात या की.”

“तुझ्या सुरात आलो, तर तू एकटी राहशील.”

ती हसली आणि म्हणाली, “सरी, बरं, उभे राहा मग.” त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमच्या घरात एका ओवीच्या शेजारी दुसरा आवाज उभा राहू लागला.

मास्तरांचा लोकरीचा ओव्हरकोट कृष्णात पाटलांनी स्वीकारावा, असे मी सुचवले होते. ते म्हणाले, “अण्णा, त्यात मी दोनदा मावतो. मला काही नको.” म्हणून तो चंद्रकांतने गरजूस द्यावा. मास्तरांचा सूर लावण्याचा ट्यूनिंग फोर्क सगुणाबाईंना द्यावा. या दोघांचा परिचय पुढे येतो.

कलम चौथे. मास्तरांच्या रचना एका लाकडी पेटीत होत्या. हार्बिनपासून त्यांनी ती जिवापाड सांभाळली होती. आधी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. दुसऱ्या वर्षी, पावसाळा संपल्यावर, कागदांना ऊन द्यावे म्हणून आम्ही पेटी उघडली. वरचा कागद जसाच्या तसा होता. मास्तरांनी तो डाव्या हाताने उचलला. त्याच्या खाली माती होती. तळापर्यंत वाळवी गेली होती. मास्तरांनी झाकण लावले आणि स्वयंपाकघराकडे पाहून विचारले, “अक्का, कॉफी आहे?”

चार महिने ते गायले नाहीत. मग एके सकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, “तुम्ही सांगता, तुमच्या देशात गाणे कागदावर नसते, तोंडातून तोंडात जाते. खरे?”

मी म्हणालो, “खरे. वेदसुद्धा तसेच आले.”

“मग मला चार तोंडे द्या.”

बाकीच्या रचना त्यांना तुकड्यातुकड्यांनी आठवत होत्या. संपूर्ण आठवत होती ती एकच, चार आवाजांची, वाद्याविना गायची. तिचे नाव ‘वोर्स्क्ला’. नदीकाठ सोडून गेलेल्यांना नदी हाका मारते, एवढाच तिचा विषय. मराठी शब्द मी घातले. त्यावरून आमची कडाक्याची भांडणे झाली. मास्तरांना ओळीच्या शेवटी तोंड उघडे राहील असा स्वर हवा असे. मला वाक्यरचना हवी असे. “तुमचे क्रियापद माझ्या गायकाचे तोंड बंद करते,” असे ते ओरडत. शेवटी ओळी त्यांच्या मनासारख्या झाल्या आणि व्याकरण माझ्या मनासारखे राहिले. यासाठी आम्हा दोघांना काय मोल पडले, ते आम्हालाच माहीत.

चार तोंडे अशी मिळाली. पहिला, म्हणजे सर्वांत उंच आवाज शेजारच्या सगुणाबाईंचा. दुसरा सत्यवतीबाईंचा; त्या सगुणाबाईंच्या पलीकडच्या घरात राहतात, माहेर निपाणीकडचे. तिसरा कृष्णात पाटील यांचा. ते टेलिफोनच्या कारखान्यात होते आणि हसल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. चौथा, तळाचा, माझा.

कलम पाचवे. या कलमात मी शिकवण्याची पद्धत नोंदवीत आहे, कारण पुढे जे घडले ते तिच्यामुळे घडले.

आपल्याकडे चार माणसे गाऊ लागली की चौघांचे कान एका चालीकडे धावतात. ती आपली सवय आहे. भजनात तोच आनंद आहे. मास्तरांना ते पहिल्याच दिवशी कळले. मी माझी ओळ गायला लागलो की अर्ध्यात सगुणाबाईंची चाल पकडत असे. सत्यवतीबाई तर तिसऱ्या शब्दालाच तिकडे जात. म्हणून मास्तरांनी चौघांना वेगवेगळ्या दिवशी, एकेकट्याला शिकवले. इतरांची ओळ ऐकण्याची बंदी. लिहून घेण्याचीही बंदी, कारण कागदावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. सर्वांना एकत्र बोलावले तेव्हा दिवाणखान्याच्या चार कोपऱ्यांत, भिंतीकडे तोंड करून, कानांवर तळहात ठेवून उभे केले. स्वतः मध्ये खुर्चीवर बसले.

आम्ही गायलो. ते म्हणाले, “पुन्हा.” दीड वर्ष ते ‘पुन्हा’ म्हणत राहिले. एका रविवारी गाणे संपले आणि ‘पुन्हा’ आले नाही. आम्ही वळून पाहिले. ते डाव्या हाताने उजवा हात धरून बसले होते आणि त्यांचा चेहरा आम्हाला पाहवेना.

याचा अर्थ मला फार उशिरा कळला. चौघांनी गायले, आणि ऐकले एकानेच. ‘वोर्स्क्ला’ संपूर्ण ऐकलेला माणूस होसूर रस्त्यावरच्या दफनभूमीत आहे. कस्तुराबाईने स्वयंपाकघरातून ऐकले असेल, तीही गेली. चंद्रकांत त्या वेळी परीक्षेचा अभ्यास करीत होता. “तुला काय आठवते?” असे मी त्याला परवा विचारले. तो म्हणाला, “बाबा, मी कानात कापूस घालत होतो.”

कलम सहावे. आमच्या भागातील संगीत सभेचे चिटणीस विद्याधरपंत यांना माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. ते मागतील. मास्तर हयात असताना मी त्यांना एक कार्यक्रम मागितला होता. दारातच त्यांनी मला आमच्या गाण्याचा मासला म्हणायला लावला. मी माझी ओळ म्हटली. ते म्हणाले, “हुक्केरीकर, ही चाल आहे की जिना उतरताना लागलेली धाप?” मी एकटा होतो; तळाची ओळ एकटी ऐकली तर तशीच वाटते. हे त्यांना समजावण्याची संधी त्यांनी दिली नाही. मास्तरांच्या अंत्ययात्रेला मात्र ते आले होते आणि ‘रशियन संगीतकारास श्रद्धांजली’ असे बोलले. मी तेथेच दुरुस्ती केली.

कलम सातवे. गाठीचे निदान झाल्यावर, म्हणजे या जुलैत, मी बाकीच्या तिघांना पुन्हा जमवले. चंद्रकांतने एका मित्राकडून आवाज मुद्रित करणारे यंत्र आणले. माझा आवाज त्या वेळीच फुटला होता. फितीवर माझा खोकला उत्तम उतरला आहे, गाणे नाही. सगुणाबाई आणि कृष्णात यांच्या ओळी नीट उतरल्या. मग आम्ही सत्यवतीबाईंना म्हणायला सांगितले.

त्यांनी डोळे मिटले आणि संपूर्ण ओळ म्हटली, न अडखळता, गोड. पहिल्या दोन शब्दांनंतर सगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिले.

“अगं बाई,” सगुणाबाई म्हणाल्या, “तू माझ्याच ताटात जेवतीयेस की!”

“म्हणजे?”

“ही माझी ओळ आहे. पहिली. तुझी कुठे गेली?”

“हीच माझी,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “मी रोज म्हणते. कामं करताना म्हणते.”

कृष्णात हसून म्हणाले, “वहिनी, चौघांची मोट होती, तुम्ही दोघी एकाच बैलावर बसलात.” मग त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि यंत्र बंद केले.

हळूहळू उलगडले. मास्तर गेल्यावर सत्यवतीबाई भजनी मंडळात जाऊ लागल्या. घरी त्या आपली दुसरी ओळ गुणगुणत. मास्तर म्हणत, ती ओळ एकटी ऐकली तर चाल वाटत नाही. कोणाच्या तरी खांद्याला टेकून चालणाऱ्या माणसासारखी ती आहे. सासूबाई म्हणाल्या, सत्यवतीचा सूर सुटला. मंडळातल्या बायका म्हणाल्या, सत्यवती चाल विसरली. सगुणाबाईंची ओळ शेजारून ऐकू येतच असे.

“मग मी सुधारलं, अण्णा,” त्या म्हणाल्या. “थोडं थोडं करून. मला वाटलं, माझंच चुकत होतं. बरोबर केलं की हो मी?”

आयुष्यभर मी सुधारणा केल्या. सुधारणेने काही नाहीसे होते, हे मला त्या दिवाणखान्यात पहिल्यांदा दिसले.

त्यानंतर आम्ही काय केले नाही? त्यांना पुन्हा त्याच कोपऱ्यात उभे केले. कानांवर हात ठेवायला लावले. मी तळाची ओळ घोगऱ्या आवाजात धरून ठेवली, कृष्णातनी तिसरी धरली, सगुणाबाईंना अंगणात पाठवले. एकदा, केवळ एकदा, मधल्या एका शब्दावर सत्यवतीबाई खाली उतरल्या आणि बाजूला थांबल्या. सगुणाबाई अंगणातून दाराशी धावत आल्या. पुढच्याच शब्दाला त्या पुन्हा वर गेल्या. ऑगस्टभर आम्ही त्या शब्दापाशी जात राहिलो. तो शब्दही मग आला नाही. त्या रडल्या. मी मास्तरांच्या छावणीतील एका जुन्या शिष्येचा पत्ता शोधून काढला. तिने हे गाणे ऐकलेलेच नव्हते. मी दफनभूमीतही गेलो. तेथे मी काय मागितले, हे येथे लिहिण्याजोगे नाही.

कलम आठवे. दुसरा आवाज गेला आहे, असे मी याद्वारे जाहीर करतो. तो कोणीही अंदाजाने भरू नये. एका शिकलेल्या तरुणाने मला सांगितले की पहिली, तिसरी व चौथी ओळ असली तर दुसरी नियमांनी रचता येते. येत असेल. ती त्याची होईल, हालुश्कोंची नव्हे. कोणी हे गाणे गायलेच, तर दुसऱ्या आवाजाची जागा मोकळी सोडावी आणि ती मोकळी आहे असे श्रोत्यांना आधी सांगावे.

ही विनंती आहे. विनंती हा शब्द मी सरकारी पत्रव्यवहारातही टाळीत असे. येथे मी तो हात जोडून वापरतो.

कलम नववे. चौथा आवाज. मी माझी ओळ सरगमात लिहून काढली आहे आणि ती या दस्तऐवजास जोडली आहे. कृष्णातनी ती कागदावरून म्हणून पाहिली. हजेरी घेतल्यासारखी झाली. श्वास कोठे रोखायचा, कोणत्या अक्षरावर इतरांची वाट पाहायची, हे कागदावर उतरत नाही, किंवा मला उतरवता येत नाही. ती एखाद्या गळ्यातच ठेवावी लागेल. चंद्रकांतला सूर नाही. ते त्याच्या आईनेही मान्य केले होते. कृष्णात शिकायला बसले की आपल्याच तिसऱ्या ओळीवर घसरतात. आणखी दोघांना विचारले. एकाला वेळ नाही. दुसऱ्याने विचारले, यातून काय मिळते?

चंद्रकांत म्हणाला, “बाबा, मृत्युपत्रात गाणं कसं लिहिणार? रजिस्ट्रार हसेल.”

मी म्हणालो, “हसू दे. हसण्याने दस्तऐवज रद्द होत नाही.”

पण लिहू कोणाच्या नावे? जो आवाज उद्या दुपारी या जगात नसेल, त्याला वारस नाही. ज्या माणसाचे सगळे कागद मातीत गेले, त्याने आमच्यावर विश्वास ठेवला. त्यातील एक चतुर्थांश आम्ही गमावला आहे आणि दुसरा चतुर्थांश उद्या कापला जाणार आहे. रात्रभर मला झोप नव्हती. हे कलम मी येथे रिकामे सोडतो.

साक्षीदार: कृष्णात पाटील, ~~सत्यवतीबाई~~.

खोडलेल्या नावाविषयी खुलासा. दस्तऐवजात खाडाखोड असल्यास तिचे कारण नोंदवावे लागते. ते असे. आज दुपारी साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवला. वाचले हेमलताने, कारण मला इतके बोलता येत नाही. सत्यवतीबाईंना कोणत्याही कलमाने काही मिळत नसल्यामुळे त्यांना साक्षीदार नेमले होते. कलम आठवे वाचताना त्या खाली पाहत होत्या. नववे संपले तेव्हा मी त्यांच्यापुढे लेखणी धरली. त्यांनी ती घेतली नाही.

“अण्णा, साक्षीदाराला काही मिळत नाही ना?”

मी मान हलवली.

“मग मी सही करत नाही. मला पाहिजे.”

“काय पाहिजे, अक्का?” चंद्रकांतने विचारले.

“चौथा.”

कृष्णात म्हणाले, “वहिनी, तो पुरुषाचा आवाज. विहिरीच्या तळाचा. तुम्हाला पोचायचा नाही.”

“वरच्या पट्टीत म्हणेन. गायला नाही मागत मी, ठेवायला मागते. खालचा गळा असलेला कोणी मिळाला की त्याला देईन. आणि मी म्हणताना जग म्हणू दे, सत्यवतीचा सूर सुटला.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “दुसरा माझ्याकडून गेला, अण्णा. मला बरोबर करायची घाई झाली. हा मी बरोबर करणार नाही. हा आहे तसा ठेवीन.”

माझा त्यांच्यावर विश्वास बसतो का, असे मी स्वतःला विचारले. बसत नाही. परंतु ज्याने मागितला असा दुसरा कोणी नाही, आणि आपण काय गमावतो हे त्यांच्याइतके कोणालाच कळलेले नाही. म्हणून त्यांचे नाव माझ्या हाताने खोडले आहे आणि त्यांच्या जागी शेजारच्या शाळेतील शिक्षिका प्रेमा यांना बोलावले आहे.

कलम नववे, आता भरलेले. ‘वोर्स्क्ला’ या गीताचा चौथा आवाज सत्यवतीबाईंना द्यावा. त्यांच्याकडून तो कोणीही हिरावू नये, आणि त्यांनीही तो सुधारू नये.

मृत्युपत्रातील देणगी मृत्यूनंतर ताब्यात जाते. ही आजपासूनच देणे सुरू केले आहे. दुपारपासून दिवे लागेपर्यंत आम्ही बसलो होतो. माझ्या घशातून आता सूर कमी आणि वारा जास्त येतो. जेथे आवाज येत नाही, तेथे मी हाताने वर-खाली दाखवतो. गीताच्या तिसऱ्या चरणाला त्या तीनदा वर गेल्या आणि तीनदा स्वतःच थांबल्या. चौथ्या वेळी थांबावे लागले नाही. नंतर रक्त आले, म्हणून हेमलताने आम्हाला उठवले. निम्मा भाग झाला आहे. उरलेला निम्मा माझ्याजवळ आहे. उद्या उजाडताच, इस्पितळाची गाडी येण्यापूर्वी, सत्यवतीबाईंनी यावे. कडी काढून ठेवायला सांगितले आहे. गाडी आली तर चंद्रकांतने तिला फाटकाशी थांबवावे.

हा मजकूर मी स्वतः लिहिला, समजून लिहिला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष खाली सही केली. त्यांनी माझ्या समक्ष केली.

(सही) आप्पाजी रामचंद्र हुक्केरीकर

साक्षीदार:
(सही) कृष्णात पाटील
(सही) प्रेमा, शिक्षिका

मुक्काम जयनगर, बंगळूर, म्हैसूर राज्य
सोमवार, दिनांक ४ सप्टेंबर १९६७